झाडणीसकट घेतलेलं कांडप

मसाला कांडणाऱ्या बाईच्या घरी विकतचा मसाला येत नाही. मुसळं उखळात आपटतात तेव्हा तिखटाची धूळ उडते आणि मशीनच्या पायाशी, फळीवर, खिडकीच्या गजांवर बसते. संध्याकाळी ती कुंच्यानं गोळा करायची आणि चाळून घ्यायची. तिला आम्ही झाडण म्हणतो. झाडण काम करणाऱ्या बाईची असते. शिरूरला तसंच, दौंडलाही तसंच. पगार ठरवताना कुणी तिचं नावसुद्धा काढत नाही, इतकं ते ठरलेलं आहे.

शिरूरच्या एका कांडपावर मी अकरा वर्षं होते. त्या अकरा वर्षांत आमच्या घरची आमटी अर्ध्या शिरूरच्या मसाल्याची होती. कुणाचं जास्तीचं दगडफूल, कुणाचं करपलेलं खोबरं, कुणाची नुसतीच लवंगी मिरची, सगळं त्यात. हे म्हणायचे, आपल्या आमटीला रोज वेगळी चव कशी काय असते? मी हसायचे.

मालकिणीला सगळे बाई म्हणायचे, मीही म्हणायचे. बाई गल्ल्यावर बसायच्या, वजन करायच्या. मी मशीनवर. मला चारचौघांत बोलता येत नाही. शाळेत गुरुजींनी उभं केलं की माझा घसा बंद व्हायचा, आणि चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मला मनातून बरंच वाटलं होतं. मुसळांच्या दणदणाटात कुणी बोलायची अपेक्षा धरत नाही, म्हणून ते काम मला मानवलं. बोलत नसले तरी कुठल्या घरचा मसाला किती बारीक लागतो, कुणाच्यात हळद शेवटी टाकायची, कुणाला लवंग सोसत नाही, हे मला तोंडपाठ होतं. बाईंना नव्हतं. त्या मान वळवून विचारायच्या, "हिचं कसं गं?" आणि मी बोटांनी सांगायचे.

मग एका एप्रिलमध्ये, हंगामाच्या ऐन गर्दीत, एका गिऱ्हाईक बाईचा मसाला वजनाला कमी भरला. कमी भरणारच. धूळ उडते, देठं आणि बी चाळणीत राहतं. त्याला घट म्हणतात आणि ते बाईंना माझ्याआधीपासून माहीत होतं. पण गिऱ्हाईक तोंडाळ होतं आणि बाकावर सात-आठ बायका नंबर लावून बसल्या होत्या.

"किलोमागं एवढा कमी? उंदरं पाळल्यात का काय तुम्ही?" ती म्हणाली.

बाई उठल्या. खुंटीवरची माझी पिशवी त्यांनी खाली घेतली, डब्याच्या शेजारची झाडणीची पुडी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"ह्ये बघा उंदीर. हिथं जातोय तुमचा मसाला. अकरा वर्सं घरच्यावानी ठेवली हिला, आन् निघाली चोरटी."

मला तीन शब्द बोलायचे होते. ती झाडण हाय. एवढंच. घसा बंद झाला. बाकावरच्या प्रत्येक बाईला झाडण माहीत होती. त्यातल्या दोघींनी तर मागं एकदा हसत हसत मला विचारलं होतं, आमच्या मसाल्याची चव तुला कशी लागते म्हणून. एकीनं पदर तोंडाला लावला. एक म्हणाली, "दिसायला गरीब वाटती हो." तिखट नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला बांधलेलं फडकं मी तसंच ठेवून निघाले आणि घरी जाईपर्यंत सोडलं नाही.

शिरूरमध्ये मग मला काम मिळेना. पापडाच्या कारखान्यातली बाई म्हणाली, जागा भरली. खानावळवाली म्हणाली, बघू. तिच्या बघू म्हणण्यातच ऐकलेलं होतं सगळं.

शेवटी मी दौंडला जाऊ लागले, एसटीनं, रोज. तिथल्या एका कांडपाचे मालक म्हातारे होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "शिरूर सोडून एवढ्या लांब कशापायी?" मी खाली बघितलं. ते म्हणाले, "बोलत न्हाईस ते बरंय. बोलनारी बाई मशीनम्होरं निम्मी मिरची गिळती." आणि कामाला लावलं. संध्याकाळी मी झाडण गोळा करून तशीच ठेवली, तर आप्पांनी स्वतः पुडी बांधून माझ्या पिशवीत टाकली. त्या दिवशी एसटीत मला रडू आलं.

चार वर्षं मी ते तीन शब्द तोंडात घोळवत येत-जात होते. खिडकीशी बसून मनात भांडायचे. कधी बाईंच्या दुकानाला आग लागलेली बघायचे, कधी त्यांच्या डोळ्यांत मूठभर संकेश्वरी मिरची गेलेली. मी देवाला जाते, उपास करते, पण हे लपवत नाही. बचत गटात मी पैसे टाकत राहिले. हे विचारत, कशासाठी एवढं साठवतेस? मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मग गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एसटीत शेजारची बाई मैत्रिणीला सांगत होती, "ती कांडपवाली बाई न्हाई का, विकतीये सगळं. लेक पुण्याला बोलावतोय म्हनं."

दौंडला उतरून मी सरळ आप्पांपुढे उभी राहिले.

"आप्पा, धंदा कसा घेत्यात?"

चार वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं ते सगळ्यात मोठं वाक्य असेल. आप्पांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं, पिशवीचंही. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"नवी मशीन घे की दौंडातच. मी जागा दावतो. हिकडं दोन कांडपं चालत्यात."

"न्हाई. तीच."

"राग धरून गेलीस तर जास्त मोजशील. राग घरी ठेवून जा."

"राग घरी ठिवला तर जाऊ कशाला आप्पा?"

ते हसले. आणि त्या दिवसापासून गिऱ्हाईक नसेल तेव्हा मला शिकवू लागले. मला वाटत होतं धंदा घ्यायचा म्हणजे पैसे द्यायचे आणि किल्ली घ्यायची, साडी घेतो तसं. आप्पा म्हणाले, आधी गाळा कुणाचा ते बघ. भाड्याचा असंल तर गाळामालकाला भेट, न्हाईतर मशीन डोक्यावर घेऊन हिंडशील. मीटर कुणाच्या नावावर हाय ते बघ. मोटर बघायला दुपारी जाऊ नको, तापलेली मोटर गुमान चालती. सकाळी, पहिला घाणा पडायच्या आधी जा आणि चालू करायला लाव, तवा तिचं दुखणं कळतं. उखळाला पान्यानं हळूच ठोकून ऐक, तडा असंल तर आवाज फुटका येतो. विकणारा सांगतो ते कारण सोड, खरं कारण शोध. आणि दरवेळी शेवटी एकच सांगायचे: "कागदावर जे लिव्हलं न्हाई ते तुझं न्हाई. खिळा असू दे न्हाईतर चाळणी असू दे. सगळं लिव्हून घे."

खरं कारण शोधायला मी दोन बाजारच्या दिवशी रजा टाकली आणि बाईंच्या दुकानासमोर कासाराच्या पायरीवर बसले, तोंडाला ओढणी बांधून. बाईंच्याकडे एक गिऱ्हाईक आत गेलं की मी डाव्या हातातली एक बांगडी उजव्या हातात घालायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत चार बांगड्या झाल्या. माझ्या वेळी बाजारच्या दिवशी बाकावर टेकायला जागा नसे. मिरच्यांची गाठोडी घेतलेल्या बायका समोरून जात होत्या, पण आत न शिरता एसटी स्टँडकडच्या नव्या कांडपाकडे वळत होत्या. त्यातली एक बांगड्या भरायला माझ्या शेजारी बसली आणि कासाराला सांगू लागली, "मागल्या खेपंला माझ्या मसाल्यात दुसऱ्याचं मिसळलं. पोरांच्या डोळ्यातनं पानी. ती मुकी बाई हुती तवा असं कधी न्हाई झालं."

मुकी बाई म्हणजे मी. मी ओढणी आणखी वर ओढली. गिऱ्हाईक माझ्यामुळं येत होतं आणि माझ्या मागोमाग गेलं होतं. बाई विकत होत्या त्यातलं निम्मं आधीपासून माझ्याजवळच होतं. मला इतका आनंद झाला की मी कासाराकडून गरज नसताना डझनभर बांगड्या घेतल्या.

तरी पहिल्यांदा बोलणी करायला गेले तेव्हा मी जी चूक केली ती अजून आठवली की कानशिलं तापतात. सकाळी लवकर गेले. सगळं ठरवून, घोकून. बाई एकट्याच होत्या, कामाची नवी बाई आली नव्हती आणि एक गिऱ्हाईक खोळंबून बसलं होतं. मला बघून बाईंचा चेहरा जरा कसनुसा झाला. मग त्यांनी सवयीनं चाळणी पुढे केली.

"बरं झालं आलीस. एवढं चाळून घे."

आणि मी खाली बसले आणि चाळलं! पदर खोचून, मांडी घालून, शेवटच्या मुठीपर्यंत. हात आपोआप चालत होते. गिऱ्हाईक पिशवी घेऊन गेलं तेव्हा मला आठवलं की मी हे दुकान विकत घ्यायला आले आहे. मी चाळणी ठेवली आणि काही न बोलता निघून आले. घरी हे म्हणाले, "झाला का सौदा?" मी म्हणाले, "चाळून आले." हे इतके हसले की मी ताट आपटलं.

दुसऱ्यांदा मी चपला काढल्या नाहीत. नवी साडी नेसले आणि बाकावर बसले, गिऱ्हाईक बसतं तिथं. बाईंनी चाळणीकडे बघितलं, माझ्या चपलांकडे बघितलं.

"मशीन चालू करा," मी म्हणाले.

मोटर थंड होती. ती खोकल्यासारखी दोनदा अडखळली आणि मग बारीक किंचाळत सुरू झाली. बेअरिंग गेलं होतं. मी पान्यानं उखळ ठोकलं, ते मात्र खणखणीत होतं. मीटर बाईंच्या वारलेल्या यजमानांच्या नावावर होतं, हे मी आधीच बिल बघून घेतलं होतं. गाळामालकालाही भेटले होते. ते म्हातारे मामा म्हणाले, "भाडं वेळंवर दे, बाकी मला कुनीबी चालतंय. पन दिवाळीनंतर गाळा बंद ठिवला तर मी दुसऱ्याला दिईन. तिलाबी तसं सांगितलंय." म्हणजे घाई बाईंना होती.

बाईंनी आकडा सांगितला. मी बोलायला तोंड उघडलं आणि घसा बंद. नेहमीचंच. मी बसून राहिले. बाईंना वाटलं मी नाखूश आहे.

"बरं, मोटरीचं काम निघंल, म्हनून जरा कमी दे," त्या आपणच म्हणाल्या.

मी बोलत नव्हते कारण बोलता येत नव्हतं.

"हे बघ, गिऱ्हाईक बांधलेलं हाय. रांग लागती."

मी हातातल्या बांगड्या मागेपुढे केल्या.

"आता काय फुकट देऊ का?" बाई चिडल्या आणि आणखी खाली आल्या. अकरा वर्षं ज्या गप्पपणावर त्यांनी मला वापरलं, तोच गप्पपणा आता त्यांना पायरी पायरीनं खाली उतरवत होता. मला त्याची गोडी लागली. घसा मोकळा झाला तरी मी थोडा वेळ मुद्दाम गप्प राहिले. मग विचारलं,

"झाडण धरून?"

"काय?"

"झाडण. ती धरून एवढं का?"

बाईंचा चेहरा उतरला. त्या गल्ल्याकडे वळून म्हणाल्या, "जुनं काय उकरतीस आता. व्हय, धरून."

तहसीलच्या बाहेर झाडाखाली टाईप करणारे बसतात. दिवाळी झाल्यावर आम्ही तिथं गेलो. माझ्या बाजूनं आप्पा साक्षीदार म्हणून दौंडहून आले होते, बाईंच्या बाजूनं त्यांचा भाऊ होता. टायपिस्ट चुणचुणीत माणूस. लिहून देणार बाई, लिहून घेणार मी. तो भराभर लिहीत होता: मोटर, मशीन, मुसळं, उखळ, दोन चाळण्या, वजनकाटा, बाक, मीटर नावावर करून देण्याची जबाबदारी.

"अजून काय, मावशी?"

"झाडण," मी म्हणाले.

"ती कशाला लिव्हायची? कचरा हाय तो."

"लिव्हा. आन् पुढं असं लिव्हा." मी ब्लाउजमधून कागद काढला. माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलेला, बारा वेळा खोडलेला. त्यानं वाचला आणि माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. आप्पा खाकरले. त्यांनाही मी हे सांगितलं नव्हतं.

सगळं टाईप झाल्यावर त्यानं रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटी ते आलं. "कांडपावरची झाडण ही पहिल्यापासून काम करणाऱ्या बाईच्या हक्काची असते. लिहून घेणार हिनं लिहून देणार यांच्याकडे कामाला असताना नेलेली झाडण तिच्या हक्काचीच होती, ती चोरी नव्हती, हे लिहून देणार यांना मान्य आहे."

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळली. सातबाऱ्याच्या कामाला आलेले दोघं पुढं सरकून ऐकू लागले.

"मी सही करनार न्हाई," बाई म्हणाल्या.

त्यांचा भाऊ मला म्हणाला, "ताई, सौद्यात आसलं कुनी घालतं व्हय? सोडून द्या की. मोठ्या हायेत त्या तुमच्यापरीस."

आप्पा माझ्या कानाशी आले. "पोरी, हातातलं कांडप जाईल."

मला ते माहीत होतं. गळ्यातली सोन्याची पोत मोडली होती, गटाचे पैसे उचलले होते, दौंडचं काम सोडलं होतं. बाई उठून गेल्या असत्या तर माझ्या हाती काहीच राहिलं नसतं. मी बाकड्यावर बसून राहिले. बाई रस्त्यापर्यंत गेल्या, लेकाशी फोनवर बोलल्या, हातवारे केले. लेक काय म्हणाला ठाऊक नाही. परत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"एवढी इखारी असशील असं वाटलं न्हवतं."

"ती झाडण हाय," मी म्हणाले. मोठ्यानं. ते तीन शब्द जुनेच होते, नीट बसतही नव्हते तिथं, पण चार वर्षं अडकलेले म्हणून तेच निघाले. "ती झाडणच हुती, बाई. तुम्हाला ठावं हुतं."

बाईंनी सही केली. पेन टेबलावर टाकलं ते घरंगळून खाली पडलं. मी उचललं नाही.

आप्पा म्हणाले, कागद कपाटात जपून ठेव. मी अस्सल कागद कपाटात ठेवला. पण त्या शेवटच्या पानाची झेरॉक्स लॅमिनेट करून आणली आणि कांडपात भिंतीवर लावली, बाकासमोर, नंबर लावून बसलेल्या बाईला बघायला दुसरं काहीच राहणार नाही अशी. मार्चमध्ये हंगाम सुरू झाला आणि बायका परत आल्या. बसल्या, वाचलं. काहींनी दोनदा वाचलं. ज्या तेव्हा बाकावर होत्या त्यातली एक मला म्हणाली, "आम्हाला तवाच म्हाईत हुतं गं." मी म्हणाले, "व्हय?" आणि तिचा नंबर मागं ढकलला. त्या दिवशी तिला चार वाजेपर्यंत बसवलं. पदर तोंडाला लावणारीला पाच वाजेपर्यंत.

हे म्हणतात, झालं ना मनासारखं, आता काढ तो कागद. मला तसं वाटत नाही.

एप्रिलमध्ये बाई स्वतः आल्या. पुण्याला त्यांचा जीव रमला नव्हता, किंवा लेकाचा रमला नव्हता, त्या शिरूरलाच होत्या. स्टँडकडच्या कांडपावर त्यांच्या मसाल्यात लवंग जास्त पडली होती. त्यांना लवंग सोसत नाही. हे शिरूरमध्ये कांडणाऱ्या एकाच बाईला पक्कं माहीत होतं. गाठोडं घेऊन त्या उंबऱ्यात थांबल्या. मी मानेनं बाकाकडे दाखवलं. त्या बसल्या. समोर त्यांचीच सही.

थोड्या वेळानं मशीनच्या आवाजात ओरडून त्या म्हणाल्या, "उतरीव की गं तो कागद आता. काय जलमभर लावायचा असतो व्हय?"

मीही ओरडूनच बोलले. मशीनपुढं माझा आवाज आता निघतो. "बाकावर सात-आठ बाया हुत्या, बाई. त्यांनी किती जनींना सांगितलं असंल? तेवढ्या जनींचं वाचून होऊ द्या."

बाकावरच्या पोरी खाली बघून हसल्या. बाईंनी गाठोडं पुढं सरकवलं. मशीनखालची सकाळची धूळ मी आधी झाडून बाजूला केली, मग त्यांचा मसाला नीट कांडला, लवंग निम्मी, हळद शेवटी, दोनदा चाळून. वजन केलं. थोडा कमी भरला.

बाईंनी काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. मी वाट बघत होते, आणि खरं सांगते, त्यांनी ते बोलावं म्हणून माझा जीव नुसता टांगला होता.

त्या म्हणाल्या, "घट हाय ती. चालायचंच."

"व्हय," मी म्हणाले, "चालायचंच."

त्या गेल्यावर मी कुंचा घेऊन मशीनखालची धूळ गोळा केली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी दुसऱ्या कुणाचा मसाला कांडला नाही, मशीन साफ करायचं आहे म्हणून सांगितलं. निव्वळ बाईंची झाडण पुडीत बांधली, पिशवीत टाकली आणि घरी जाऊन तिची आमटी केली. हे म्हणाले, आज चव जरा ओळखीची वाटत नाही. मी म्हणाले, मला वाटते, आणि पुन्हा वाढून घेतली.